चांदरीचं डबकं

मुळशीत चुनखडी नाही हे मला माहीत होतं. जामखेडच्या शाळेत ‘महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसॉल्ट खडकाचा आहे’ हे वाक्य मी भूगोलाच्या पेपरात इतक्या वेळा लिहिलंय, की आमच्या सरांनी शेवटी त्याला मार्क द्यायचंच सोडून दिलं होतं. तरीही एका सोमवारी जेवणाच्या आधी मी मुळशीत चुनखडीतलं विवर शोधून काढलं. शोधून गप्प बसलो असतो तर चाललं असतं. पण संध्याकाळच्या घाईत ते फोल्डरात तसंच ठेवून मी गिऱ्हाइकाला पाठवून दिलं.

हे कसं घडलं ते सांगतो, कारण तुळजाबाईंची आणि माझी ओळख त्याच चुकीतून झाली.

हिंजवडीत आमची कंपनी लहान आहे. चकचकीत काचा दिसतात त्या दुसऱ्यांच्या. आम्ही त्यांच्या मागच्या गल्लीत, बिर्याणीवाल्याच्या वर. तेव्हा आमच्याकडे दोन कामं चालू होती. एक होतं युरोपातल्या चुनखडीच्या मुलखाचं. चुनखडी पावसाच्या पाण्यात हळूहळू विरघळते, आतून पोकळ होते, आणि वर जमिनीत गोल गोल वाडगे पडतात. कधी त्यात शेत जातं, कधी घर. अशा भूरूपांना कार्स्ट म्हणतात. आता हे वाडगे चालत जाऊन कोण मोजणार? म्हणून विमानातून किंवा ड्रोनने जमिनीच्या प्रत्येक चौकोनाची उंची घ्यायची आणि ती आकड्यांची चादर कॉम्प्युटरला द्यायची. कॉम्प्युटर त्या चादरीवर खोटं पाणी ओततो. जिथं पाणी वाहून न जाता साचतं तिथं खळगा. मग खळगा किती खोल, किती गोल, चारी बाजूंनी बंद आहे का, हे पाहून मॉडेल ठरवतं की हे विवर आहे की नुसताच खड्डा. हे मॉडेल शिकवायचं काम माझं.

दुसरं काम घरचं होतं. मुळशीतल्या डोंगराळ वाड्यांमागे भेगा पडायला लागल्यापासून धोक्याचा नकाशा करायचं ठरलं होतं. ते काम एका सल्लागार कंपनीकडे होतं आणि त्यांनी ड्रोनने घेतलेल्या उंच्या साफ करून द्यायचं उरलंसुरलं काम आमच्याकडे.

त्या सोमवारी मी पहिल्या कामाचं मॉडेल दुसऱ्या कामाच्या चादरीवर चालवलं. गंमत म्हणून. आमची टीम लीड जुईली म्हणते, की या कंपनीचं जेवढं नुकसान झालंय ते सगळं ‘गंमत म्हणून’ झालंय. मॉडेलने आधी भाताची खाचरं उचलली, कारण बांधामुळे त्यातही पाणी साचतं. पण ती चौकोनी आणि उथळ म्हणून सोडून दिली. आणि मग धारेची वाडी नावाच्या वस्तीखाली एक लाल गोल उमटला. विवर, खात्री सत्त्याण्णव टक्के. युरोपातसुद्धा इतकी खात्री कधी आली नव्हती. मी चार जणांना बोलावून दाखवलं, सगळे हसले, आणि आम्ही खाली बिर्याणी खायला गेलो.

संध्याकाळी साफ केलेल्या उंच्यांच्या फोल्डरातून तो गोलही गेला. तिकडे सल्लागार कंपनीत आलेला प्रत्येक थर, म्हणजे माहितीचा एकेक पापुद्रा, नकाशावर चढवायची पद्धत होती. माझा थरही चढला. मुळशीत कार्स्ट म्हटलं तर कुणी हसेल, एवढं त्यांनाही कळत होतं. म्हणून त्यांनी नाव बदललं: ‘जमीन खचण्याची शक्यता’. या नावाला कुणी हसत नाही.

पुढच्या पौषात जुईलीने मला केबिनमध्ये बोलावलं. धारेच्या वाडीतले लोक कचेरीत जाऊन बसले होते. त्यांना सरकारकडून नवी घरं मिळायची होती आणि ती एका लाल गोलामुळे अडली होती. तो गोल कुणाच्या मशीनमधून आला याचा माग आमच्यापर्यंत पोचला होता. ती म्हणाली, जाऊन बघून ये, फोटो काढ, आणि तिथं कुणाला गंमत म्हणून काही बोलू नकोस.

पौडवरून पुढे, धरणाच्या पाण्याच्या कडेने जाऊन मी पोचलो. पाच घरांची वाडी, डोंगराच्या कुशीला. घरांच्या मागे वरच्या उतारावर एक भेग पडली होती. तिच्यात माझा बूट आडवा मावत होता. पावसाळा आला की पाचही घरं खालच्या शाळेत मुक्कामाला जायची आणि दसऱ्याला परत यायची. म्हणून वाडी हलवायची होती. हलवायला जागा हवी, आणि ती जागा एका बाईने स्वतःच्या माळातून दिली होती. रस्त्याला लागून सपाट तुकडा. पाचही घरं तिथं बसत होती. त्याच माळाच्या कडेला माझा लाल गोल होता आणि त्याच्या आसपास काही बांधायला बंदी होती.

टॅबलेट हातात धरून मी गोलाच्या मध्याकडे चालत गेलो. मध्यात एक म्हैस होती.

गळ्यापर्यंत चिखलात बसलेली, कपाळावर पांढरा ठिपका, रवंथ करत माझ्याकडे बघत होती. काठावर एक बाई काठीला टेकून उभी. साठीची असेल, पातळ ओचा खोचून नेसलेलं, डोक्याला टॉवेल. तिने मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, काय हरवलंय का.

मी म्हटलं, “मावशी, इथं जमिनीत विवर असल्याचं नकाशात दिसतंय.”

“दिसंल की. चांदरी बसलीया त्येच्यात.”

“म्हणजे हे म्हशीचं डबकं आहे?”

“न्हाई, पवायचा तलाव हाय. तू उतरतू का?”

वाडीत माझं नाव त्या दिवसापासून खड्डेवाला पडलं. अनिकेत हे नाव कुणी विचारलंच नाही.

त्या तुळजाबाई. कोळवण खोऱ्यातून लग्न होऊन या वाडीत आल्या तेव्हा त्यांच्या सासरी दारात सात-आठ म्हशी होत्या. नवरा गवंडी. लवळ्याच्या टेकडीवर कॉलेजांच्या इमारती उठायला लागल्या तशी त्याला कामं मिळाली, आणि त्याच्या मागोमाग तुळजाबाई दुधाच्या किटल्या घेऊन हॉस्टेलांच्या कँटीनला जायला लागल्या. ते दिवस सांगताना त्यांचा आवाज चढायचा. मला म्हणाल्या, की पुण्यातल्या निम्म्या इंजिनियरांच्या हाडात त्यांच्या म्हशीचं दूध आहे. मी विचारलं, पाणी घालत होता का? त्या म्हणाल्या, घालायची की, पण मापात. नुसतं दूध त्या पोरांना सोसलं नसतं. शिपाई, आचारी, पोरी, सगळ्यांशी त्यांची भांडणं आणि सगळ्यांशी मैत्री. एका पोरीने परीक्षेत नापास झाल्यावर त्यांच्याच पदराला डोळे पुसले होते. तो पदर दुधाने चिकट झाला होता आणि पोरीच्या गालाला मुंग्या लागल्या, असं त्या सांगायच्या. यातलं किती खरं ते देव जाणे.

नवरा काविळीने गेला. मुलगा किशोर तेव्हा शाळेत होता. पुढे कँटीनला पिशवीतलं दूध यायला लागलं, रिक्षावाले किटल्या घ्यायला कुरकुर करायला लागले, आणि म्हशी एकेक करून कमी झाल्या. खालची भातशेती शेजाऱ्यांनी विकली, तशी यांनीही विकली. त्यातून किशोरची गाडी आली. तो आता हिंजवडीत कंपनीची कॅब चालवतो आणि बायको नम्रतासोबत महाळुंग्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. तुळजाबाईंकडे उरला हा माळ, वर थोडी खाचरं आणि चांदरी. माळालाही गिऱ्हाइकं येऊन गेली होती. त्यांनी माळ विकला नाही, आणि पाच घरांसाठी मात्र फुकट दिला. किशोर यावरून अजून चिडायचा.

मी त्यांना विचारलं होतं, का दिला. त्यांना प्रश्नच कळला नाही. मग म्हणाल्या, “ह्येंच्यासंगं भांडत म्हातारी झाले. आता नवी भांडनं कुटं हुडकू?”

खरी गोष्ट अशी होती, की ही जागा हुकली तर पाच घरांना पाच दिशांना जावं लागणार होतं. ज्याला जिथं खोली मिळेल तिथं. तुळजाबाईंना किशोर महाळुंग्याला नेणार. आणि तिथं चांदरीला कुठं बांधायचं? लिफ्टमध्ये? हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत विचारलं होतं, आणि मी टॅबलेटवर काहीतरी शोधल्यासारखं केलं होतं.

आता त्या डबक्याबद्दल. धारेच्या वाडीत एक रीत होती. चैत्रात डबकं आटलं की पाचही घरं मिळून त्याचा गाळ काढायची. पहिली पाटी शेजाऱ्याच्या खाचरात पडायची, दुसरी आपल्या. हे सगळं सावडीवर. आज माझ्या कामाला तुम्ही, उद्या तुमच्या कामाला मी; एका दिवसाला एक दिवस. कोण कुणाचा किती दिवस देणं लागतो हे कुणी लिहीत नव्हतं, पण विसरतही नव्हतं. तुळजाबाईंच्या सासूच्या सासूपासून हे चाललेलं. दर वर्षी गाळ निघायचा, डबकं वीतभर खोल व्हायचं, निघालेले दगड बांधांत जायचे, मुरमाड माती काठावर चढायची, आणि म्हशी लोळून लोळून त्याला गोल करायच्या. ड्रोन उडाला तो नेमका चैत्रात, गाळ काढून डबकं रिकामं असताना.

तेव्हा मॉडेलला फार दोष देता येत नाही. खोल होतं, गोल होतं, चारी बाजूंनी बंद होतं. खडक विरघळण्याऐवजी म्हशींनी लोळून आणि बायकांनी उपसून ते झालं होतं, एवढंच. हा रकाना आम्ही त्याला शिकवला नव्हता.

मी परत येऊन सगळं लिहून दिलं. चांदरीचा फोटो जोडला. मला वाटलं, हा फोटो बघून कुणीही हसेल आणि गोल पुसून टाकेल. जुईलीने सल्लागारांची वेळ घेतली आणि आम्ही दोघं गेलो. समोर जे साहेब होते ते भले माणूस. कॉफी मागवली, फोटो बघून हसलेही. मग म्हणाले, कार्स्ट हा शब्द तर आम्ही केव्हाच काढलाय. आता तिथं फक्त शक्यता लिहिलीय.

“मग तीही काढा ना सर,” मी म्हटलं.

“काढतो. ही जमीन खचणार नाही असं लिहून द्या, खाली सही करा.”

मी जुईलीकडे पाहिलं. जुईलीने कॉफीकडे पाहिलं. कंपनीला तसं लिहून द्यायचा अधिकार नव्हता, आणि माझ्या सहीची किंमत काय ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. शिवाय खरं सांगायचं तर पेन खिशात असून माझा हात तिकडे गेला नाही. डोंगर मागे फाटलेला असताना खालच्या कुठल्याही जमिनीबद्दल ‘खचणार नाही’ असं कोण लिहील? आणि शक्यता ही गोष्ट अशी असते, की ती एकदा लिहिली की पुसणारा सापडत नाही.

साहेबांनीच मग वाट सांगितली. नकाशा आपोआप तयार होतो, त्यात हाताने बदल करायची बंदी आहे. ती योग्यच आहे, नाहीतर जमीन विकायला निघालेला प्रत्येक जण रबर घेऊन आला असता. पण नवीन उड्डाण करता येईल. नव्या उंच्यांमध्ये खळगा दिसला नाही, तर गोल आपोआप जाईल.

परतताना गाडीवर मला कल्पना सुचली, आणि ती इतकी सोपी होती की मला स्वतःचाच हेवा वाटला. खड्डा दिसायला नको ना? मग बुजवू.

हे सांगायला मी वाडीत गेलो तेव्हा किशोरही आला होता. कॅबच्या कंपनीने दिलेला निळा शर्ट घालून तो ओट्यावर बसला होता, आणि आईला महाळुंग्याला यायला सांगून झालेलं होतं, हे दोघांच्या तोंडावरून कळत होतं. मी कल्पना सांगितली. बाकीच्या घरांतले लोक लगेच तयार झाले. तुळजाबाईंनी डबक्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “आन चांदरी?”

किशोर वैतागला. “आये, तुला घर पायजे का डबकं?”

“म्या डबक्याचं कुटं इचारलं? चांदरीचं इचारलं.”

मी म्हटलं, नवा गोठा बांधाल तेव्हा तिला नळीने पाणी मारा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना स्वतःला बाटलीभर पाण्यात अंघोळ करायला सांगितलं होतं. पण मान हलवली. पाच घरांपुढे एक म्हैस. हा हिशोब त्यांनाही करता येत होता. तो त्यांना करावा लागला, एवढंच.

बुजवायचं काम वैशाखात, सावडीवर ठरलं. तुळजाबाई म्हणाल्या, की या खेपेला सावडीत सहावं घर खड्डेवाल्याचं. खड्डा त्याचाच आहे, एक दीस त्यानंही द्यावा. सगळे हसले आणि मी हो म्हटलं.

गेलो. पाटी उचलली, टाकली, उचलली, टाकली. माझे हात कीबोर्डवर वाढलेले. उन्हं डोक्यावर यायच्या आत तळव्यांना फोड आले आणि तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. फोन खरोखरच आला होता, पण मी तो जितक्या आनंदाने उचलला तेवढ्या आनंदाने ऑफिसचा फोन कुणी उचलत नाही. मी गाडीला किक मारली तेव्हा मागून तुळजाबाई म्हणाल्या, “अर्धाच दीस झाला हां. अर्धा ऱ्हायला.”

खड्डा कशाने बुजवला हे मी निघताना पाहिलं होतं, आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. इथं पावसाआधी राब भाजतात. भाताची रोपं जिथं वाढवायची त्या वाफ्यावर फांद्या, पालापाचोळा, शेण यांचे थर रचायचे आणि पेटवून द्यायचे. त्या राखेत रोपं जोमाने येतात. वाडीने थंडीभर राबाचा ढीग जमवून ठेवला होता. पण यंदा घरं हलणार, मग भात कोण लावणार? ढीग पडून होता. दगड होते ते सगळे बांधांत आणि भिंतींत. म्हणून त्यांनी तो ढीग डबक्यात ओतला: फांद्या, पाला, शेण. वरून काठावरची माती आणि अगदी वर बारीक, चाळल्यासारखी माती, हाताने भुसभुशीत करून, सारखी करून. जन्मभर रोपांसाठी वाफा केलेले हात ते. माती ठोकून घट्ट करायची असते, हे त्या हातांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. आणि मी फोनवर होतो.

दोन दिवसांनी ड्रोन उडाला. मी खोटं पाणी ओतलं. ते सरळ वाहून गेलं. गोल नाही. मी किशोरच्या फोनवर नकाशा पाठवला आणि रविवारी स्वतः गेलो. तुळजाबाईंनी चुन्याची फक्की मागवली होती आणि माळावर घराच्या रेघा मारल्या होत्या. आधी गोठा, मग घर. शेजारच्या घराशी भिंत सामाईक ठेवली होती, म्हणजे आतल्या आत भांडता यावं. मुळशीत चुना म्हणून मी जो पाहिला तो एवढाच. चांदरी भरलेल्या डबक्याच्या सपाट मातीवर येऊन उभी राहिली होती. तिने जरा वेळ वास घेतला आणि कोरड्यातच बसली.

मग पाऊस. वाडी शाळेत जाऊन राहिली. मुळशीचा पाऊस काही जामखेडसारखा येऊन जातो असा नाही. तो मुक्कामालाच येतो. डोंगरावरून उतरलेलं पाणी माळावर पसरलं आणि त्या भुसभुशीत वाफ्यात मुरत राहिलं. आत पाला कुजला, फांद्या मऊ पडल्या, शेण विरघळलं.

चुनखडी नसलेल्या मुळशीत जमिनीच्या पोटात काहीतरी पहिल्यांदाच विरघळत होतं, आणि ते आम्हीच भरलं होतं.

कार्तिकात सल्लागारांचं ठरलेलं उड्डाण झालं. पावसाआधीची चादर आणि पावसानंतरची चादर यांची वजाबाकी करायची आणि जिथं जमीन खाली गेली तिथं खूण करायची. ही वजाबाकी करणारा प्रोग्राम माझाच. युरोपच्या कामासाठी लिहिलेला, चांगला चालतो म्हणून यांनाही विकलेला. धारेच्या वाडीखाली एक गोल जागा गुडघाभर खाली गेली होती. प्रोग्रामने तिला नवं नाव दिलं: सक्रिय.

आधी नुसती शक्यता होती, आता पुरावा झाला. साहेबांनी स्वतः फोन केला. ते रागावलेले नव्हते, उलट आपण सावध राहिलो याचं त्यांना समाधान वाटत होतं. मी घाईघाईने फांद्या, पाला, शेण सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि मग हळू आवाजात त्यांनी विचारलं, “म्हणजे नकाशातून गोल जावा म्हणून जमीन बदलली? हे मी लिहू का?”

मी नको म्हटलं; तसं लिहिलं असतं तर वाडीवर फसवणुकीचा ठपका आला असता. त्यांनी लिहिलं नाही. सांगितलं ना, भले माणूस होते. जागा रद्द झाली.

हे सांगायला मीच गेलो. जुईली म्हणाली होती, फोन कर. पण किशोरला फोनवर सांगितलं असतं तर तुळजाबाईंना ते किशोरच्या तोंडून कळलं असतं, आणि त्यात थोडा ‘मी म्हणत होतो’ मिसळलेला असता. त्या माळावरच होत्या. फक्कीच्या रेघा पावसात गेल्या होत्या. खचलेल्या जागेत पाणी साचलं होतं आणि त्यात चांदरी बसली होती, डोळे अर्धे मिटून. सगळ्या प्रकरणात काही परत मिळालेली ती एकटीच.

“बग, हिचं हिला मिळालं,” तुळजाबाई म्हणाल्या. मग माझा चेहरा पाहून काठी खाली ठेवली. “काय झालं?”

मी सांगितलं. सक्रिय म्हणजे काय तेही सांगितलं. मी चिखलाकडे बघून बोलत होतो.

“पाची घरं एका ठिकानी, कुटंच न्हाई?”

“नाही मावशी.”

“दुसऱ्या कुनाची जागा?”

“वाडीत रस्त्यालगत सपाट दुसरी कुणाची उरलीय?”

त्यांनी मान हलवली. त्यांनाच ते माझ्याहून जास्त माहीत होतं. बाकीच्यांनी विकलेल्या जमिनींवर आता कुंपणं होती आणि कुंपणांच्या आत गवत. मग काठी उचलून त्या म्हणाल्या, “आमीच भरला रं. आमच्या हातानं.” मी म्हटलं, भरायला मी सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, तू सांगितलं, पण हात आमचे. यावर भांडण करायची माझी तयारी होती, त्यांची नव्हती.

पुढच्या पावसाआधी वाडी रिकामी झाली. दोन घरं नातेवाइकांकडे गेली, एक भुगावला खोलीत, एक रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये. चांदरीला हिंजवडीशेजारच्या माण गावातल्या एका गोठ्यात दिली. टेम्पोत चढवताना ती अडली नाही, आणि हे तुळजाबाईंना फार लागलं, असं किशोर म्हणाला. जरा तरी अडायला पाहिजे होतं.

मी बालेवाडीला राहतो. महाळुंगं तिथून जवळ. एका रविवारी गेलो. पाचव्या मजल्यावर तुळजाबाई गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. अंगाने उतरल्या होत्या. नम्रताने चहा आणला. त्यांनी कप हातात घेऊन आत पाहिलं आणि सुनेला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, की या दुधात पाणी नाही आणि दूधही नाही. तेवढंच मला जुन्या तुळजाबाईंसारखं वाटलं.

गॅलरीखाली नव्या टॉवरचा पाया खणला होता. चारी बाजूंनी पत्रे, आत तीन-चार मजले जातील एवढं खोल, तळाला हिरवं पाणी. त्यांनी बोटाने दाखवलं. “ह्यो दिसतु का तुज्या मशीनला?”

“दिसतो. पण चालू बांधकामं आम्ही आधीच वगळतो. परवानगी असते त्यांना.”

“मंग चांदरीसाटी परवानगी काडायची ऱ्हायली आमची.”

हे त्या हसून बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या खालच्या पाण्याकडे बघत होत्या. मग सावडीचं बोलायला लागल्या. पत्र्याच्या शेडमधल्या बाईचा त्यांच्याकडे एक दीस राहिला होता. त्यांचे स्वतःचे दोन दीस भुगावच्याकडे होते. आता कोण कुणाच्या खाचरात जाणार? खाचरांत गवत वाढलेलं. हे सगळे दीस असेच हवेत राहिले होते, आणि त्या ते एकेक करून सांगत होत्या, कोण काय देणं लागतो ते विसरायला होऊ नये म्हणून.

“आन तुजा अर्धा,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, सांगाल तेव्हा येतो मावशी. आत्ता सांगा, आत्ता करतो. गॅलरीत नम्रताच्या दोन कुंड्या होत्या, एकीत तुळस, एकीत वाळलेलं काहीतरी. मी वाळलेलीकडे बोट दाखवलं, म्हटलं, हिची माती बदलून देतो.

त्यांनी कुंडीकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं.

“ती उलीशी कुंडी. चाय पिऊस्तोवर व्हईल. त्यात अर्धा दीस कुटला भरतुय?”

मग कप खाली ठेवून त्या पुन्हा पत्र्यांच्या आत बघायला लागल्या. मी थोडा वेळ बसलो, उठलो, येतो म्हणालो. लिफ्ट बंद होती. जिना उतरताना तळव्यांवरून अंगठा फिरवून पाहिला. फोडांची खूणही राहिली नव्हती. अर्धा दिवस मात्र अजून माझ्याकडेच आहे.